बिलातले ९९ रुपये आणि बाबांची उलटतपासणी

प्रश्न : पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचकाचे वडील, वय ७२, सांगलीला एकटे राहतात. त्यांच्या मोबाईलची पोस्टपेड जोडणी मुलाच्या नावावर आहे आणि बिल दर महिन्याला मुलाच्या खात्यातून आपोआप जातं. ३९९ रुपयांचा प्लॅन, जीएसटी धरून ४७० रुपये ८२ पैसे. गेल्या आठवड्यात लक्षात आलं की सहा महिने ५८७ रुपये ६४ पैसे कापले जात आहेत. कंपनीच्या मदत केंद्रात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘सर, सेवा ग्राहकाच्या संमतीनेच सुरू झाली आहे.’ वाचकाने वडिलांना फोनवर बरंच सुनावलं. वडील म्हणतात, मी काहीही केलेलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी फोन टेबलावर ठेवून दिला आहे, फक्त आलेला फोन घेतात. वाचकापुढे तीन वाटा आहेत : बिल भरायचंच नाही, कंपनी बदलायची, किंवा बाबांना साधा बटणांचा फोन घेऊन द्यायचा. ‘सातशे रुपयांसाठी डोकं लावण्यात अर्थ आहे का?’ असंही त्यांनी शेवटी विचारलं आहे.

उत्तर : ‘बाबांनी काहीतरी दाबलं असणार’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलं आहे. कंपनीने त्या संमतीची नोंद दाखवली का, हा प्रश्न मात्र एकदाही नाही. सुरुवात तिथूनच करू या, कारण नियमाने हा हिशेब नेमका उलटा आहे.

कॉलर ट्यून, ज्योतिष, गाणी, गेम, आरोग्य टिप्स अशा ज्या जादा सेवा प्लॅनबाहेर पैसे घेतात, त्यांच्यासाठी ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, १० जुलै २०१३ रोजी कंपन्यांना निर्देश दिले. त्यांचा गाभा असा : ग्राहकाने एकदा ‘हो’ म्हणून भागत नाही. पहिल्या होकारानंतर कंपनीने स्वतःच्या यंत्रणेतून दुसऱ्यांदा खात्री करून घ्यायची, आणि ही दुसरी खात्री सेवा विकणाऱ्या तिसऱ्या पार्टीच्या हातात असता कामा नये. दोन्ही होकार असतील तरच पैसे लावायचे. म्हणजे दोन्ही होकारांची नोंद, तारीख-वेळेसह, कंपनीकडे असायला हवी. ‘संमतीने सुरू झाली’ हे मदत केंद्रातल्या माणसाने समोरच्या पडद्यावरचं एक वाक्य वाचून सांगितलं. ती नोंद नव्हे. नोंद मागायची असते आणि ती लेखी मागायची असते.

आता बाबांकडे वळू. ते खोटं बोलत नसतील, आणि तरीही त्यांच्या बोटाने होकार गेलेला असू शकेल. हे कसं होतं ते नीट पाहिलं तर तुमचा राग बराच निवळेल. फोन करून झाला की पडद्यावर कधी कधी एक चौकोन उमटतो. दोन ओळींचा मजकूर आणि खाली ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’. कॉल संपवायला अंगठा खाली गेलेलाच असतो, नेमका तिथेच ओके. तो दाबला की लगेच दुसरा चौकोन, जवळपास तसाच, ओके त्याच जागी. चष्मा शोधेपर्यंत दोन्ही होकार गेलेले असतात. हे चौकोन सिमकार्डातल्या मेनूतून येतात, इंटरनेटशी त्यांचा संबंध नाही. दुसरी तऱ्हा रेकॉर्ड केलेल्या फोनची : भजनाची ओळ ऐकवतात आणि ‘ऐकत राहण्यासाठी एक दाबा’ म्हणतात. तिसरी कॉलर ट्यूनची. दुसऱ्याला फोन लावल्यावर त्याची धून वाजत असताना स्टारचं बटण दाबलं की ती आपल्या नंबरवर घेतली जाते. चौथी तऱ्हा मोबाईल डेटावर बातम्या वाचताना पुढे येणाऱ्या जाहिरातीची. तिथे नंबर टाकावाही लागत नाही, कारण डेटा त्याच कंपनीचा असल्याने नंबर तिला आपोआप कळतो. म्हणूनच ही चौथी गोष्ट घरच्या वाय-फायवर सहसा घडत नाही.

यातली बाबांच्या बाबतीत कोणती घडली हे तर्काने ठरवू नका, बिलातून काढा. सहाही महिन्यांची बिलं कंपनीच्या अॅपवरून पीडीएफमध्ये उतरवून घ्या. जादा रक्कम ज्या बिलात पहिल्यांदा दिसते ते उघडा. पहिल्या पानावरच्या एकूण आकड्यात काही कळत नाही, तपशिलाच्या पानांवर जा. तुमच्या आकड्यांवरून हिशेब सोपा आहे : ५८७.६४ वजा ४७०.८२ म्हणजे ११६.८२. त्यातून १८ टक्के जीएसटी बाजूला काढला की बरोबर ९९ रुपये उरतात. दर महिन्याला न बदलणारी अशी गोल रक्कम म्हणजे वर्गणीची सेवा. परदेशी फोन, प्लॅनबाहेरचे एसएमएस किंवा उशिराचा दंड असता तर आकडा दर महिन्याला वेगळा आला असता. आणि प्लॅन बदलल्यानंतरचं पहिलं बिल फुगलेलं दिसतं ते मोडक्या दिवसांच्या भाड्यामुळे. ते एकाच महिन्यापुरतं असतं, त्यावर तक्रार करून काही हाती लागत नाही.

तपशिलात सेवेचं नाव आणि बहुधा ती सुरू झाल्याची तारीख मिळेल. ती तारीख घेऊन बाबांच्या फोनमधले त्या दिवसाचे एसएमएस बघा. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी पी अक्षर असेल तर तो जाहिरातीचा संदेश, एस असेल तर सेवेविषयीचा, टी व्यवहाराचा, जी सरकारी. ही अक्षरं २०२५ पासून लागू लागली आहेत. सेवा सुरू झाल्याचा एस वाला संदेश सापडला तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. सापडलाच नाही तर तीही तक्रारीत लिहिण्याजोगी गोष्ट आहे. संदेश पुसू मात्र नका. ‘फोन भरलाय’ म्हणून इनबॉक्स साफ करण्याच्या नादात पुष्कळांचा पुरावा जातो.

यानंतर सेवा बंद करणं. ते बाबांच्याच फोनवरून होईल, तुमच्या नाही, कारण नंबर त्यांच्या हातात आहे. त्यांना इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘स्टॉप’ लिहून १५५२२३ वर एसएमएस करायला सांगा, किंवा त्याच क्रमांकावर फोन लावायला सांगा. हा क्रमांक सगळ्या कंपन्यांना समान आणि मोफत आहे. सुरू असलेल्या सेवांची यादी उत्तरात येते, त्यातून ज्या नकोत त्या निवडायच्या. विनंती मिळाल्यापासून ४ तासांच्या आत सेवा बंद व्हायला हवी. बंद झाल्याचा संदेश आला की त्याचाही स्क्रीनशॉट. एक खबरदारी : यादीत दोन-तीन सेवा असतील तर सगळ्या बंद करा. ९९ रुपयांवाली एक बंद केली आणि ‘पहिला महिना मोफत’ असलेली दुसरी राहून गेली, की पुढच्या महिन्यात ती जागी होते.

एवढ्यावर थांबू नका, कारण बंद करणं वेगळं आणि पैसे परत मागणं वेगळं. मदत केंद्राने ‘सेवा बंद केली आहे, आणखी काही मदत?’ म्हटलं की बरेच जण फोन ठेवतात. तक्रारीसाठी १९८ लावा. हा तक्रारींचा क्रमांक मोफत आहे. १२१ माहितीसाठी असतो आणि तिथे माणसाशी बोलण्याचे पैसे लागू शकतात. १९८ वर एकच गोष्ट मिळवायची : तक्रारीचा डॉकेट क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक. तो एसएमएसने यायला हवा. तो आल्याशिवाय तक्रार नोंदली गेली असं समजू नका. जोडणी तुमच्या नावावर असल्याने तक्रारही तुम्हीच करायची आहे, बाबांनी नव्हे. त्याच दिवशी कंपनीच्या तक्रारीच्या ईमेलवर साधारण असं लिहा :

‘माझ्या नावावरील अमुक क्रमांकावर अमुक तारखेपासून अमुक नावाच्या सेवेसाठी दरमहा ९९ रुपये अधिक जीएसटी आकारले गेले आहेत. सहा बिलांत एकूण ७०० रुपये ९२ पैसे. ही सेवा मी किंवा फोन वापरणाऱ्या व्यक्तीने मागितलेली नाही. पहिला होकार आणि दुसरी खात्री या दोन्हींची तारीख, वेळ, माध्यम (एसएमएस, फोन, सिम मेनू की वेबपान) आणि सेवा पुरवणाऱ्या कंपनीचं नाव कळवावं. सेवा या काळात किती वेळा वापरली गेली याचीही नोंद द्यावी. नोंद नसल्यास पूर्ण रक्कम जीएसटीसह परत जमा करावी. डॉकेट क्रमांक अमुक.’

यातलं वापराचं वाक्य गाळू नका. सहा महिने पैसे गेले आणि सेवा एकदाही उघडलेली नाही, हे कंपनीच्याच यंत्रणेतून निघालं तर ‘ग्राहकाला हवी होती’ हा दावा लंगडा पडतो. ‘जुन्या नोंदी आता नाहीत’ असं उत्तर आलं तर तेही जसंच्या तसं पुढच्या अर्जाला जोडा. दाखवायला नोंदच नसेल तर पैसे कशाच्या आधारावर घेतले, हा प्रश्न मग आणखी सरळ होतो.

बिलाच्या तक्रारीवर चार ते सहा आठवड्यांत निर्णय व्हायला हवा. बहुतेक वेळा अशी रक्कम पुढच्या बिलात वळती होते. आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. कंपनीने खरोखरच दोन्ही होकारांची तारीख-वेळ दाखवली आणि ती बाबांच्या फोनवापराशी जुळली, तर नियमाच्या आधारे पैसे मागणं अवघड होतं. तेव्हा ‘वापर शून्य आहे, ग्राहक ज्येष्ठ नागरिक आहे’ असं म्हणून विनंती करता येते. त्यातून एक-दोन महिन्यांची रक्कम सुटते, क्वचित सगळी. तिथे थांबण्यात कमीपणा नाही.

पण नोंद मिळालीच नाही, किंवा उत्तर मोघम आलं, तर अपील करा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला प्रत्येक सेवाक्षेत्रासाठी अपील प्राधिकरण ठेवावं लागतं. अपील मोफत असतं, वेबसाइटवरून किंवा ईमेलने करता येतं, आणि मुदत आहे ३० दिवसांची. निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. अपील ज्या सल्लागार समितीपुढे जातं तिच्यात ग्राहक संघटनेचाही एक सदस्य असतो, म्हणून इथे कागद नीट लावलेले असले की फरक पडतो. आपल्याकडे एक गोंधळ नेहमी होतो. दूरसंचारात मुंबई हे वेगळं सेवाक्षेत्र आहे, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. तुमचा नंबर सांगलीचा असो की पुण्याचा, तो दुसऱ्या क्षेत्रात येतो. मुंबईत राहणाऱ्या वाचकांनी मात्र आई-वडिलांचा गावाकडचा नंबर असेल तर मुंबईच्या प्राधिकरणाकडे अर्ज करू नये, तो परत येतो आणि त्यात दिवस जातात. नंबर ज्या क्षेत्राचा, प्राधिकरण त्या क्षेत्राचं.

ट्रायकडे तक्रार करा असा सल्ला तुम्हाला चार जण देतील. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक किंवा केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल जास्त उपयोगी पडेल.

त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाईलच्या बिलाचे वाद ग्राहक आयोगापुढे चालत नाहीत असं अजूनही पुष्कळ जण सांगतात, आणि बरीच वर्षं तशी स्थितीही होती. २००९ च्या एका निकालाचा आधार घेऊन अशा तक्रारी परत पाठवल्या जात. ते चित्र १६ फेब्रुवारी २०२२ ला बदललं. अहमदाबादच्या एका ग्राहकाचा प्लॅन २४९ रुपयांचा होता, सरासरी बिल ५५५ रुपये यायचं. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या एका बिलात त्याला २४,६०९ रुपये ५१ पैसे लावले गेले. तो ग्राहक मंचात (आताच्या ग्राहक आयोगात) गेला, कंपनीने मंचाच्या अधिकारालाच हरकत घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. न्यायालयाने ग्राहक मंचाला अधिकार आहे असा स्पष्ट निकाल दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथेच, म्हणजे पुण्यात, तक्रार दाखल करू शकता. मुदत दोन वर्षांची, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. सातशे रुपयांसाठी मी तुम्हाला आधी अपिलाच्याच पायरीवर नेईन. पण ही वाट बंद नाही हे कंपनीला ठाऊक असतं, आणि तुमच्या ईमेलच्या शेवटच्या ओळीत तिचा उल्लेख असायला हरकत नाही.

आता तुमच्या तीन वाटा.

बिल भरायचंच नाही, हे मला पटत नाही. देय तारीख उलटली की दंड लागतो, मग जाणारे फोन बंद होतात. सांगलीत एकट्या राहणाऱ्या माणसाचा फोन बंद पडणं ही ९९ रुपयांपेक्षा फार मोठी गोष्ट आहे. बिल पूर्ण भरा आणि ‘हरकत कायम ठेवून भरत आहे’ असं ईमेलमध्ये लिहा. आपोआप कापून जाण्याची सोय बंद करायची गरज नाही. मात्र पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून रकमेची सूचना येते, ती वाचायची सवय करा. सहा महिने ५८७ हा आकडा तुमच्याच फोनवर येत होता. हे टोचायला लिहीत नाही. बाबांवर जी जबाबदारी टाकली तिचा एक वाटा आपल्याकडेही असतो, एवढं दिसावं म्हणून लिहिते.

कंपनी बदलता येईल, पण आत्ता नको. थकबाकी असेल तर बदलाची विनंती फेटाळली जाते. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल राहिलं तर नवीन जोडणीही बंद होऊ शकते. आणि एकदा नंबर गेला की जुन्या अॅपचा दरवाजा बंद होतो, बिलं त्याच्या आत राहतात. आधी पैसे परत मिळू द्या. नंतरही बदलावंसं वाटलं तर १९०० वर एसएमएस करून कोड घ्यायचा. तो ४ दिवस चालतो आणि एकाच सेवाक्षेत्रात बदल ३ कामाच्या दिवसांत होतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावे लागतात.

बटणांचा फोन हा तर उपायच नव्हे. सिम मेनूचे चौकोन, ‘एक दाबा’ वाले फोन, स्टार दाबून घेतलेली कॉलर ट्यून, हे सगळं बटणांच्या फोनवरही होतं, आणि तिथे अक्षरं आणखी बारीक असतात. बाबांचा व्हिडिओ कॉल, नातवंडांचे फोटो, बँकेचे संदेश एवढं मात्र जाईल.

त्याऐवजी पुढच्या वेळी सांगलीला जाल तेव्हा अर्धा तास काढा. फोनमध्ये ‘सिम टूलकिट’ किंवा कंपनीच्या नावाचं छोटं अॅप असतं. ते उघडून आपोआप येणाऱ्या संदेशांची सोय बंद करा, ते चौकोन थांबतील. १९०९ वर फोन लावून जाहिरातींचे फोन आणि एसएमएस बंद करून घ्या. बँकेचे ओटीपी त्यामुळे थांबत नाहीत, ही भीती बाबांना असेल तर ती आधीच दूर करा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करा, आणि पैसे भरण्याच्या पर्यायांत ‘मोबाईल बिलातून’ असा पर्याय जोडलेला असेल तर काढून टाका. परदेशी फोन करायचे नसतील तर आयएसडी आणि परदेशातलं रोमिंग बंद ठेवायला सांगा. बाबांसाठी नियम एकच पुरे : न मागता आलेल्या चौकोनावर कधीच ओके नाही. कॅन्सल दिसत नसेल तर बाजूचं बटण दाबून पडदाच बंद करायचा.

इथे आणखी एका धोक्याची सूचना द्यायलाच हवी. रिफंडच्या शोधात लोक मदत केंद्राचा नंबर इंटरनेटवर शोधतात, आणि तिथे पहिला दिसणारा नंबर अनेकदा भामट्यांचा असतो. ‘सातशे रुपये लगेच जमा करतो, हे अॅप टाका, ओटीपी सांगा’ असा फोन बाबांना आला तर तो ठेवून द्यायचा. बिलातले पैसे परत करायला कंपनीला ना ओटीपी लागतो ना पडदा बघावा लागतो. तसं काही घडून पैसे गेले तर ताबडतोब १९३० वर कळवा.

ज्यांच्याकडे प्रीपेड आहे त्यांनीही हे वाचत असताना स्वतःचा फोन तपासावा. तिथे बिल येत नाही, शिल्लक हळूच घटते, म्हणून लक्षात यायला जास्त वेळ लागतो. मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागण्याचा हक्क प्रीपेड ग्राहकालाही आहे. त्याचे ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत आणि तो ३० दिवसांत द्यावा लागतो.

सातशे रुपयांसाठी डोकं लावावं का, हे तुम्ही विचारलंत. कामाचा हिशेब केला तर एक फोन, एक ईमेल आणि सहा पीडीएफ, फार तर दोन तास. पण मला यात दुसरंही दिसतं. फोन टेबलावर ठेवून दिलेल्या बाबांना आज वाटत असणार की आपल्यामुळे मुलाचे पैसे गेले. कंपनीकडून ‘नोंद उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर ते त्यांना वाचून दाखवता येईल. आणि ‘स्टॉप’चा एसएमएस त्यांनाच करायचा असल्याने तुम्हाला त्यांची मदत मागावी लागणार आहे. आज रात्री फोन करा. सुनावल्याबद्दल जे म्हणायचं ते म्हणा, मग त्यांना वही-पेन घ्यायला सांगा : एसएमएस किती वाजता पाठवला, उत्तर किती वाजता आलं, यादीत कोणती नावं होती. तुमचं बिल महिन्याच्या कोणत्या तारखेला निघतं तेही आत्ताच बघून ठेवा. त्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी सेवा बंद झाल्याचा संदेश हातात असला पाहिजे, नाहीतर ९९ रुपये सातव्यांदा लागतील.